निभावण्याची किंमत

पारनेर तालुक्यात कणखर बाईचे कौतुक करताना कुणी हात आखडता घेत नाही. नवरा मुंबईला कामाला, म्हातारे सासू-सासरे गावाकडे, दोन-तीन एकर कोरडवाहू रान, दावणीला जनावरे आणि हे सगळे एकटीने ओढणारी बाई. तिचा विषय निघाला की ‘बाईने निभावून नेले हो’ म्हणून माना डोलतात. कौतुक मनापासूनचे असते, त्यात खोट नाही. पण ते एकदा करून झाले की पुढचे प्रश्न टळतात. विहीर आटली तेव्हा पाणी किती लांबून आणले, सात-बारावर नाव कुणाचे, मुंबईहून किती महिने पैसे आले नाहीत, गुडघे कधीपासून दुखतात, हे कुणी विचारत नाही. निभावले म्हटले की हिशेब मिटला.

या पुस्तिकेत ओळख करून दिलेले माहितीपट हा मिटवलेला हिशेब पुन्हा उघडतात. बहुतेक स्त्रियांनी केलेले आहेत आणि सगळ्यांच्या मध्यभागी स्त्रियांचे जगणे आहे. काही मराठी, काही शेजारच्या मुलखातले. काही अर्ध्या तासाच्या आत संपणारे, तर एक अवघा तीन मिनिटांचा. निवडताना कसोटी एकच ठेवली: बाईच्या ताकदीची आरती ओवाळणारा पट नको, ती ताकद कशावर खर्च झाली आणि कुणाच्या उपयोगी पडली हे दाखवणारा हवा. बचत गटाच्या बैठकीत, शाळा-कॉलेजात किंवा मंदिराच्या सभामंडपात हे माहितीपट दाखवू पाहणाऱ्या पारनेरकरांसाठी ही ओळख लिहिली आहे. म्हणून आपल्या तालुक्याशी धागा कुठे जुळतो तेही जागोजागी सांगितले आहे.

पारनेरला कॅमेरा नवा नाही. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले, त्यानंतरच्या काळात पाणलोटाची कामे, दारूबंदी, श्रमदान पाहायला देशभरातून माणसे आली आणि त्यांच्यामागून कॅमेरेही आले. २०११ च्या लोकपाल आंदोलनात तर गावात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. या चित्रणात बायका नव्हत्या असे नाही. डोक्यावर पाटी घेऊन ओळीने चालणाऱ्या, ग्रामसभेत एका बाजूला बसलेल्या बायका बहुतेक ठिकाणी दिसतात. पण कथा एका माणसाभोवती फिरते आणि बायका तिची पार्श्वभूमी होतात. पाटी उचलण्याआधी घरातले कोणते काम उरकून त्या आल्या, दारूची भट्टी बंद होण्याआधी घरोघरी काय चालले होते, हे त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. एका गावाची किंवा एका माणसाची ही तक्रार नव्हे. विकासाची गोष्ट सांगण्याची आपली रीतच अशी घडली आहे.

ती कशी घडली हे जरा मागे जाऊन पाहावे लागेल. माहितीपट म्हटले की जुन्या पिढीला थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणारी सरकारी फिल्म आठवते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने धरणे, कारखाने, लसीकरण, कुटुंबनियोजन यांवर हजारो लघुपट काढले. त्यांतले काही फार चांगले होते. बहुतेकांत मात्र पडद्यामागून एक भारदस्त पुरुषी आवाज बोलायचा आणि पडद्यावरची बाई ऐकायची. तिला योजना मिळायची, सल्ला मिळायचा, शिलाई मशीन मिळायचे. बोलण्याची संधी तेवढी मिळायची नाही.

स्त्रिया या क्षेत्रात नव्हत्या असेही नाही. मुंबईत १९२१ मध्ये जन्मलेल्या विजया मुळे, सगळ्यांच्या अक्का, यांनी १९६७ मध्ये हुगळी नदीतल्या भरतीच्या लाटेवर ‘द टायडल बोअर’ हा माहितीपट केला. दूरदर्शनवर एका पिढीने पाठ केलेला ‘एक अनेक और एकता’ हा अनुबोधपटही त्यांचाच. फिल्म सोसायटीची चळवळ उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या कन्या सुहासिनी मुळे यांनी तपन बोस यांच्यासह भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणावर आणि भोपाळच्या वायुकांडावर माहितीपट केले. त्यांनी कॅमेरा सत्तेच्या दारात नेऊन उभा केला. तरी कामकरी बायकांनी स्वतःच्या कामाविषयी बोलावे आणि पटाची रचनाच त्या बोलण्यावर उभी राहावी, ही गोष्ट खऱ्या अर्थाने १९८० नंतर झाली.

त्या वर्षी बंगळुरात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट सुरू केला. १९८१ ते १९८३ या काळात त्यांनी चार लघुपट केले आणि त्यांतले पहिले दोन मराठी मुलखातले आहेत. पहिला ‘मोलकरीण’, पुण्याचा. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी पगार आणि सुट्टी यांसाठी काम बंद ठेवले, घरोघरी विखुरलेल्या बायका एकमेकींना शोधू लागल्या आणि त्यातून संघटना उभी राहिली. जेमतेम पंचवीस मिनिटांच्या या फिल्ममध्ये ती जुळणी दिसते. कारखान्यातल्या कामगाराला शेजारचा कामगार दिसतो. मोलकरीण मात्र प्रत्येक घरात एकटी असते, तिचा मालक रोज तिच्याशी आपुलकीने बोलतो आणि तिचा खाडाही मोजतो. अशा बायकांनी एकत्र येणे किती अवघड, हे व्याख्यानातून सांगून कळत नाही. त्या एकत्र बसलेल्या पाहिल्या, एकीचे वाक्य दुसरी पुरे करते हे ऐकले की कळते.

या बायकांना पुढे काय मिळाले? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये. ‘मोलकरीण’ आणि हा कायदा यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे गेली. फिल्ममध्ये तरुण दिसणाऱ्या बायका तोवर उतारवयाला लागल्या असतील. माहितीपट पाहताना ही मधली वर्षे मनात धरली, तर ‘जिद्दीचा विजय’ वगैरे शब्द सहजासहजी तोंडातून निघत नाहीत.

दुसरा पट निपाणीचा. १९८२ सालचा, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. निपाणी कर्नाटकात, पण तिथल्या वखारींत तंबाखू झोडणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांची बोली मराठी. युगांतरच्या मंडळींनी या बायकांबरोबर जवळपास चार महिने काढले, त्यांची गाऱ्हाणी ऐकली, युनियनच्या चर्चांत बसले आणि वखारीच्या आत कॅमेरा नेला. खकाणा भरलेल्या अंधाऱ्या शेडमधले ते काम त्याआधी बाहेरच्या कुणी फारसे पाहिले नव्हते. फिल्ममध्ये काय दाखवायचे, कोणता प्रसंग पुन्हा उभा करायचा, यात कामगार बायकांचा सहभाग होता. ही पद्धत या पुस्तिकेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. चार महिने सोबत राहिल्यावर जे बोलणे निघते, ते दुपारच्या एका मुलाखतीत निघत नाही. सुपा एमआयडीसीत पॅकिंगच्या लाइनवर उभ्या राहणाऱ्या किंवा कांद्याच्या वखारीत उन्हाळाभर प्रतवारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुली-बायकांना निपाणीचा हा पट परका वाटणार नाही.

पुण्यातच, त्याच दशकात, सुमित्रा भावे यांनी वेगळी वाट धरली. त्या समाजकार्याच्या प्राध्यापक आणि संशोधक. झोपडपट्टीतल्या दलित स्त्रियांच्या जीवनकहाण्यांचा अभ्यास करताना त्यांच्यापुढे साधा पेच उभा राहिला. ज्यांच्याविषयी हे सगळे लिहायचे, त्यांनाच ते वाचता येणार नसेल तर ते कुणासाठी? या पेचातून १९८५ चा ‘बाई’ आणि १९८७ चा ‘पाणी’ हे लघुपट आले. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. नेमके बोलायचे तर हे माहितीपट नव्हेत, खऱ्या आयुष्यांच्या अभ्यासातून रचलेल्या कथा आहेत. तरी या यादीत त्यांना जागा हवीच, कारण संशोधकाने गोळा केलेले ज्ञान ज्यांच्याकडून आले त्यांना परत करायचे, हा विचार आपल्याकडे चित्रपटात इतक्या स्पष्टपणे आधी कुणी मांडला नव्हता.

पाण्याची गोष्ट पारनेरला सांगायला नको. तालुका पर्जन्यछायेतला. कुकडीच्या कालव्याचे पाणी मिळते तो पट्टा वेगळा आणि कान्हूर पठारासारखा उंचावरचा भाग वेगळा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. देशभर गाजलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळी कामांतून आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडीच्या ढिगाऱ्यावर लेकरू पदराखाली घेऊन बसलेली बाई त्या काळच्या छायाचित्रांत दिसते. तिला त्या दिवशी मजुरी किती मिळाली, मुकादम कसा होता, मिळालेले धान्य खाण्याजोगे होते का, हे सांगणारे आवाज आता वर्षागणिक कमी होत चालले आहेत.

दारूविषयीच्या माहितीपटांना या पुस्तिकेत स्वतंत्र भाग दिला आहे. सई परांजपे यांनी १९९३ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘चुडियाँ’ केला. महाराष्ट्रातल्या एका खेड्यात दारूविरुद्ध उठलेल्या बायकांवरचा हा लघुपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याच काळात आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गांत जमणाऱ्या बायकांनी अरकाची दुकाने बंद पाडायला सुरुवात केली. त्या उठावावर शबनम विरमानी यांनी १९९६ मध्ये ‘व्हेन विमेन युनाइट’ हा माहितीपट केला. तिथल्या सरकारला १९९३ मध्ये अरकावर बंदी घालावी लागली, पुढे १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली. आणि १९९७ मध्ये, महसूल बुडतो म्हणून, ती मागे घेतली गेली. फिल्म पाहून आपण उभारी घेऊन उठतो, तेव्हा तिच्या शेवटानंतर एका वर्षात काय झाले हेही माहीत असायला हवे.

पारनेर तालुक्यात निघोजच्या महिलांनी दारूबंदीसाठी मतदानापर्यंत लढा नेला. या मतदानाचा नियम मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे, उभी बाटली आणि आडवी बाटली. पण दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे त्या दिवशी जी आली नाही, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने पडते. ज्या तालुक्यातली कितीतरी घरे कामोठे, घाटकोपर, विक्रोळीला वसली आहेत आणि मतदार यादीत नाव मात्र गावाकडेच आहे, तिथे हा नियम किती जड जातो हे वेगळे सांगायला नको. एसटीने, जीपने आणि घरोघरच्या फोनवरून बायका मतदानाला आणणे हे या लढ्यातले निम्मे काम असते. दुकान बंद झाल्यावर चोरून येणाऱ्या मालावर नजर ठेवणे हे उरलेले. या राखणीवर चांगला माहितीपट होऊ शकतो. मोर्चाच्या दिवशी कॅमेरे येतात, राखणीच्या रात्री येत नाहीत.

शरीराविषयी बोलणारे माहितीपट गावात दाखवावेत की नाही, याची चर्चा या निवडीच्या वेळी झाली. दाखवावेत, असेच शेवटी ठरले. दीपा धनराज यांचा १९९१ चा ‘समथिंग लाइक अ वॉर’ कुटुंबनियोजन कार्यक्रमाची चिकित्सा करतो. उद्दिष्ट पुरे करण्यासाठी एकामागून एक उरकल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया एकीकडे, आणि दुसरीकडे गोल करून बसलेल्या, आपल्या शरीराविषयी मोकळेपणाने, हसत-खिदळत बोलणाऱ्या बायका. ‘ऑपरेशन’ हा शब्द आपल्या खेड्यांत कोणत्या अर्थाने वापरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ते करून चौथ्या दिवशी खुरपायला गेलेल्या बायकाही आपल्याच गावात आहेत. त्यांच्या चिवटपणाचे कौतुक करण्याआधी त्यांना विश्रांती का मिळाली नाही, हा प्रश्न हा पट विचारतो.

एकेका स्त्रीचे चित्र रेखाटणारे दोन माहितीपट शेजारी ठेवले आहेत. रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ १९९१ चा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये मोहिनी झालेल्या कमलाबाई गोखले, त्याच चित्रपटात त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती होत्या. स्त्रीच्या भूमिका पुरुष करत त्या काळात या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढे तरुणपणीच वैधव्य, पदरी मुले आणि पोटासाठी नाटक, तेही कधी पुरुष भूमिकांत. रीना मोहन यांनी त्यांना गाठले तेव्हा बाई नव्वदीच्या आसपास होत्या. या माहितीपटातली खरी गंमत अशी की बाई आपले चित्र काढू देताना ते कसे निघावे यावर स्वतःचा हुकूम चालवतात. काय सांगायचे, कुठे थांबायचे, कुठे नटायचे, हे त्यांना नेमके ठाऊक आहे. म्हातारी, एकटी बाई म्हणून कुणी त्यांची कीव करायला जावे तर ती संधी त्या देत नाहीत.

दुसरा आपल्याच जिल्ह्याचा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या, देशी वाणांची बियाणे जपणाऱ्या. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अच्युतानंद द्विवेदी यांनी त्यांच्यावर उभ्या चौकटीत, मोबाइलवर पाहायला सोयीचा असा ‘सीड मदर’ हा तीन मिनिटांचा लघुपट केला. कान महोत्सवाच्या वेळी झालेल्या २०१९ च्या एका लघुपट स्पर्धेत त्याला तिसरा क्रमांक मिळाला. लघुपट देखणा आहे आणि राहीबाईंचे काम जगापुढे नेण्यात त्याचा वाटा आहे. पण तीन मिनिटांत एक आकृती उभी राहते, तिच्यामागचे जाळे दिसत नाही. बियाणे एकटीने जपले जात नाही. ते पेरणाऱ्या, परत आणून देणाऱ्या, वाण ओळखणाऱ्या शेजारणी लागतात. बायफसारख्या संस्थेची साथ आणि परिसरातल्या शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती लागते. शिक्षकांनी हा लघुपट दाखवल्यावर मुलांना घरच्या वाणांची यादी करायला लावावी. पारनेरचा वाटाणा, मूग, हुलगे, मटकी, गावरान बाजरी यांचे बी कोणत्या घरात कुणी राखले याचा शोध घेतला, तर त्या तीन मिनिटांपुढची गोष्ट आपोआप सापडेल.

धरणांवरच्या माहितीपटांशीही आपला धागा जुळतो: पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह त्यांनी नेटाने लढवला. मावळातल्या बायकाही त्यात उतरल्या होत्या, पण त्यांचे म्हणणे नोंदवायला तिथे कुणी नव्हते. सत्तर वर्षांनंतर नर्मदेच्या काठी मात्र कॅमेरा होता. सीमंतिनी धुरू आणि आनंद पटवर्धन यांचा १९९५ चा ‘अ नर्मदा डायरी’ सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या मणिबेलीसारख्या गावांतला लढा काही वर्षे माग काढत टिपतो. रोजनिशीसारखा, घटना घडतील तसा. मुळशीच्या वेळी न झालेली नोंद इथे झाली. आणि मुळशीच्या बायकांचाही आवाज पुरता हरवला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या प्रकाशित करायला घेतल्या, गाणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन त्यांचे छोटे चित्रपटही केले. माहेर, सासर, दुष्काळ, आंबेडकर, पंढरी, सगळे त्या ओव्यांत आहे. बायकांनी आपल्या आयुष्याची नोंद ठेवली नव्हती असे म्हणणाऱ्याने त्या ऐकाव्यात.

आता प्रश्न कॅमेरा कुणाच्या हातात याचा. निष्ठा जैन यांचा २००७ चा ‘लक्ष्मी अँड मी’ या प्रश्नाला थेट भिडतो. मुंबईत स्वतःच्या घरी काम करणाऱ्या मुलीवर त्यांनी माहितीपट केला आणि त्यात मालकीण म्हणून स्वतःलाही उभे केले. स्त्रीने स्त्रीवर केलेला पट म्हटले की दोघी समान झाल्या, असे होत नाही. एकीच्या हाती यंत्र आहे आणि दुसरीच्या हाती झाडू, हे या पटात लपवलेले नाही. ‘मोलकरीण’ आणि हा, दोन्ही एकाच बैठकीत पाहिले तर चर्चा आपोआप पेटते.

पुढचे पाऊल कामकरी बायकांनीच टाकले. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ मध्ये व्हिडिओचे प्रशिक्षण सुरू झाले. भाजी विकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायका चित्रण शिकल्या. मराठवाड्याला लागून असलेल्या तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी याहून पुढे जाऊन चित्रणाची स्वतःची परिभाषा तयार केली. खालून वर पाहणारे चित्रण वेगळे, कारण जमीनदार नेहमी खालून पाहावा लागतो. वरून खाली पाहणारे ते जमीनदाराच्या नजरेचे, त्यात राबणारा माणूस किरकोळ दिसतो. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा तो ‘संघम शॉट’, कारण संघमच्या, म्हणजे बायकांच्या गावगटाच्या, बैठकीत सगळ्या एका पातळीवर बसतात. जगभरच्या चित्रपट शाळा जे मुलांना वर्षभर शिकवतात ते या बायकांनी आपल्या अनुभवातून ओळखले. पुस्तिकेतल्या प्रत्येक माहितीपटाच्या शेवटी जे प्रश्न दिले आहेत, त्यांतला पहिला प्रश्न इथूनच घेतला आहे: इथे कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे?

हा प्रश्न चांगल्या, गाजलेल्या पटांनाही विचारावा लागतो. बुंदेलखंडात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण, मुख्यतः दलित स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तपत्रावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी ‘रायटिंग विथ फायर’ केला. ऑस्करच्या माहितीपट विभागात नामांकन मिळालेला हा पहिला भारतीय पूर्ण लांबीचा माहितीपट. सोहळा काही दिवसांवर असताना, मार्च २०२२ मध्ये, खबर लहरियाने जाहीर निवेदन काढले: पट हलवून सोडणारा आहे, पण आमच्या कामाचे त्यात अर्धेच चित्र आले आहे, एकाच पक्षाच्या बातमीदारीवर सगळा भर पडला आहे. निर्मात्यांनी काही वर्षे कष्ट घेतले होते, त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी ज्यांची गोष्ट आहे त्यांनी पडद्यावरचे स्वतःचे रूप पाहून ‘हे पुरेसे नाही’ म्हणणे, जगभर टाळ्या वाजत असताना म्हणणे, यालाही धाडस लागते. तो माहितीपट आणि ते निवेदन, दोन्ही मिळूनच खबर लहरियाच्या बायकांची ओळख पुरी होते.

या सगळ्या पटांतून फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या पटांत बायका सर्वांत बळकट वाटतात, तिथे त्या एकट्या नसतात. त्या भांडतात, एकमेकींचे ऐकतात, घाबरतात, मागण्या लिहून काढतात. आणि जिथे एकच बाई डोंगराएवढी दाखवली जाते, तिथे तिच्यावरचा बोजा उतरवण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावरून निसटते. ती आहेच की समर्थ, मग नळाला पाणी कशाला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर कशाला, नवऱ्याने भाकरी थापायला शिकायचे कशाला?

पारनेरच्या बाजूने या पुस्तिकेत मोठी उणीव आहे आणि ती लपवायची नाही. तालुक्यातल्या बायकांनी केलेला माहितीपट या निवडीत एकही नाही. विषयांची मात्र वानवा नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणाऱ्या ढवळपुरीच्या धनगरांच्या वाड्यांत बिऱ्हाड घोड्यावर लादण्यापासून नवजात कोकरे जगवण्यापर्यंतचे निम्मे ज्ञान बायकांपाशी आहे. मुंबईला गेलेल्यांच्या मागे गावी राहिलेल्या बायकांनी पेरणी, खुरपणी, सोसायटीचे कर्ज, मुलांच्या शाळा एकहाती चालवल्या, त्यांच्याकडे जुनी पत्रे आणि मनीऑर्डरच्या पावत्या अजून असतील. वाटाण्याच्या तोडणीला पहाटे टेम्पोत बसून जाणाऱ्या टोळ्या आहेत. सरपंचपदाची खुर्ची मिळाली पण सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून करावी लागली अशा बायका आहेत, आणि हळूहळू ती सही स्वतःची करून घेतलेल्याही आहेत. जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातले. नावाचा अभिमान बाळगायचा तर त्यांच्यासारखे कारभार पाहणाऱ्या हयात बायकांचे बोलणे टिपून ठेवणे हे सर्वांत स्वस्त स्मारक होईल.

मोबाइल आता घराघरात आहे, त्यामुळे यंत्राची सबब उरलेली नाही. ज्यांना स्वतः काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी शेवटच्या प्रकरणात आवाज कसा घ्यावा, संमती कशी विचारावी, चित्रण कसे सांभाळून ठेवावे हे थोडक्यात दिले आहे. त्यात एक नियम आम्ही अटीसारखा घातला आहे. ज्या बाईची गोष्ट असेल, तिला ती सगळ्यांत आधी दाखवायची, तिच्याच घरी, तिच्या सोयीच्या वेळी. तिने ‘हे काढून टाका’ म्हटले तर काढायचे, ‘हे राहिले’ म्हटले तर पुन्हा जाऊन घ्यायचे. स्पर्धा, महोत्सव, व्हॉट्सअ‍ॅपचे गट, सगळे त्यानंतर. हे केल्याने पट कदाचित कमी देखणा होईल, वेळ दुप्पट लागेल आणि कधी कधी तो पुरा होणारही नाही. तशी तयारी असेल त्यानेच कॅमेरा उचलावा.